ब्रेक दाबला की पुढच्या उजव्या चाकातून खर्रर्र आवाज: नेमकं काय बघावं?

केजकर
नमस्कार मंडळी. गाडी २०१७ ची डिझेल हॅचबॅक. पुढे डिस्क, मागे ड्रम. परवा धाराशिवहून बीडला येत होतो. मांजरसुंब्याचा घाट उतरायला लागलो आणि ब्रेकवर पाय ठेवला की उजवीकडून पुढून खर्रर्र, पत्र्यावर कानस घासावी तसा आवाज. पाय उचलला की बंद. पेडललाही बारीक थरथर. पालीपर्यंत दुसऱ्या गिअरवर हळूहळू उतरवली आणि तिथे थांबून बघितलं. उजव्या चाकाजवळ हात नेला तर डाव्यापेक्षा जास्त धग लागत होती. जोरात ब्रेक दाबला तर गाडी किंचित डावीकडे ओढते. हँडब्रेक खाली असतानाही ब्रेकचा लाल दिवा घाटातल्या वळणावर दोनदा लुकलुकला.

त्याआधी काही आठवडे गावातून हळू जाताना कीं-कीं असा बारीक आवाज यायचा. तो मधेच थांबला. पॅड मागच्या वर्षी बदललेले आहेत, म्हणून पॅडवर संशय जात नाही.

इथले एक मिस्त्री म्हणतात डिस्क, पॅड, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सगळं नवीन टाका. दुसरे म्हणतात खडा अडकलाय, आपोआप निघेल. पुढच्या आठवड्यात आईला घेऊन नांदेडला डॉक्टरांकडे जायचंय. त्याआधी नीट समजून घेऊनच काम करायचं आहे. जाणकारांनी सांगावं.

गोदाकाठ
खडा असू शकतो. आमच्या गेवराईकडे शेतरस्त्यावर मुरूम-खडी टाकली की असं हमखास होतं. डिस्कच्या मागे पातळ पत्र्याचं संरक्षण असतं ना, त्याच्या आणि डिस्कच्या मधे बारीक खडी जाऊन बसते. थोडी गाडी मागे घ्या, पुढे घ्या, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. कधीकधी खाली गळून पडते. नाही पडली तर चाक काढून तो पत्रा स्क्रू ड्रायव्हरने हलकेच मागे वाकवायचा.

वाळूजवाला
गोदाकाठ, तुमचा उपाय बरोबर आहे, पण लक्षणं जुळत नाहीत. पत्र्यात अडकलेला खडा ब्रेक न दाबताही खरखरतो, कारण डिस्क तर सतत फिरतच असते. केजकर सांगतात की पाय उचलला की आवाज बंद.

केजकर, आधी एक विनंती: बघून होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका. मी वाळूज एमआयडीसीत ब्रेकचे सुटे भाग मोजायच्या विभागात काम करतो. तुम्ही जो क्रम लिहिलाय, म्हणजे आधी कीं-कीं, मग शांतता, मग खर्रर्र, तो वाचून मला काळजी वाटली. बऱ्याच पॅडना एक छोटी पोलादी पट्टी मुद्दाम बसवलेली असते. घर्षणाचा थर झिजून दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती पट्टी डिस्कला टेकते आणि किंचाळते. ती पॅड बदलण्याची सूचना. त्यानंतरही गाडी चालत राहिली तर पट्टी घासून किंवा वाकून गप्प होते, आणि काही दिवसांनी पॅडच्या मागची लोखंडी प्लेटच डिस्कवर घासायला लागते. हा तुमचा खर्रर्र. लोखंडावर लोखंड. त्या चाकाची पकड खूप कमी होते आणि डिस्क झपाट्याने कोरली जाते.

लाल दिव्याचंही तेच सांगणं आहे. पॅड झिजतं तसा पिस्टन बाहेर सरकतो, त्याच्या मागची जागा ब्रेक ऑईल भरून काढतं आणि वरच्या डबीतली पातळी खाली जाते. उतारावर, वळणावर ते एका बाजूला झुकलं की दिवा लागतो. फक्त वरून ऑईल ओतून दिवा विझवू नका. गळती नाही ना हे आधी बघा, चारही चाकांच्या आतल्या बाजूला.

मांजरातीर
मागच्या वर्षीचे पॅड इतक्यात कसे संपतील? माझे पॅड बरीच वर्षं चालले. लातूर-पुणे नेहमीचं आहे माझं.

पाना_पक्कड_परभणी
मांजरातीर दादा, त्याचंच उत्तर ह्या गाडीत दडलंय. मी पंधरा वर्षांपास्नं जास्त गॅरेजवर आहे. आवाज आधी कानानं वळखायचा, पाना मागून हातात घ्यायचा. उजवं चाक जास्त तापायलंय, गाडी डावीकडं वढायलीय, आवाज एकाच चाकातून. दोन्हीकडचे पॅड सारखे झिजले असते तर असं झालं नसतं. एकाच चाकात काहीतरी अडकलंय.

समजून घ्या. तुमच्या कॅलिपरमधे पिस्टन फक्त आतल्या बाजूनं असतो. ब्रेक मारला की तो आतलं पॅड डिस्कवर दाबतो. मग उलट जोरानं अख्खं कॅलिपर दोन पिनांवर सरकतं आन् बाहेरचं पॅड वढून आणतं. ह्या पिना मोकळ्या सरकल्या पाहिजेत. त्यावर रबरी टोपणं असतात. टोपण फाटलं की पाणी, धूळ आत जाते, पिना गंजतात आन् जाम होतात. जाम झाल्या की बाहेरचं पॅड नुसतं बसून राहतं. सगळा भार आतल्यावर. ब्रेक सोडला तरी आतलं पॅड नीट मागं हटत नाही, घासत राहतं, म्हणून चाक तापतं. आन् ह्या चाकाची पकड कमी म्हणून गाडी चांगल्या चाकाकडं वढते, म्हणजे डावीकडं. बरोबर जुळतंय का नाही बगा.

आपल्याकडं हे लई होतं, काऊन की पावसाळ्यात काळ्या रानातला चिखल चाकाच्या आत भरतो आन् दिवाळीनंतर वाळून टणक होतो. उसाच्या फडाकडं रोज जाणाऱ्या गाड्या मी उघडतो तवा खालची पिन हातानं हलतच नाही. परळीकडं राखेच्या रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांचंही तसंच, ती राख बारीक आन् खरबरीत असते. पॅड बदलताना पिना काढून साफ केल्या नाहीत तर नवीन पॅड पण तसंच आतल्या बाजूनं खाऊन जातं.

तर आतलं पॅड बगा. बाहेरून चाकाच्या भोकातून टॉर्च मारली की दिसतं ते बाहेरचं पॅड. त्याच्यावर जाऊ नका. स्टिअरिंग पुरं वळवून मागून बगितलं तर काही गाड्यांत आतलं थोडं दिसतं. खात्री करायची तर चाक काढावंच लागतं.

घरी चाक काढणार असाल तर सपाट जागा, हँडब्रेक वढलेला, गाडी पहिल्या गिअरमधे, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड. नट आधी जमिनीवरच ढिले करा, मग जॅक. जॅकवर एकट्यावर भरवसा नको, स्टँड लावा. स्टँड नसला तर निदान काढलेलं चाक बॉडीखाली आडवं सरकवून ठेवा. विटा लावू नका, वीट भार आला की फुटते. आन् ब्रेकची काळी भुकटी हवेनं उडवू नका, फुंकू बी नका. जुन्या लायनरमधे ॲस्बेस्टॉस असायचं, आताची भुकटी बी फुप्फुसात गेलेली चांगली नाही. ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्यानं पुसा.

कयाधू
विषय निघालाच आहे म्हणून विचारते. मी रोज हिंगोलीहून औंढ्याकडे शाळेत जाते. रात्री पाऊस पडला की सकाळी पहिल्या तीन-चार ब्रेकला घासल्यासारखा आवाज येतो, मग दिवसभर काही नाही. हे पण पॅड संपल्याचं लक्षण आहे का?

वाळूजवाला
नाही ताई. डिस्क बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते, एका रात्रीच्या ओलाव्यात तिच्यावर तांबूस गंजाचा पातळ थर चढतो आणि पहिल्या काही ब्रेकमध्ये पुसला जातो. काळजी नको. आवाज दिवसभर राहिला किंवा कोरड्या दिवसांतही आला तर मात्र चाक उघडून बघा. गाडी धुतल्यावरही असंच होतं. धुऊन लगेच लावून ठेवण्यापेक्षा एक छोटी चक्कर मारून, ब्रेक दोन-चारदा दाबून मग लावा.

केजकर
मंडळी, उघडलं. ओळखीच्या एका मिस्त्रींना घरीच बोलावलं, गाडी रस्त्यावर काढली नाही.

परभणीचे मिस्त्री जे म्हणाले तेच. उजवीकडचं बाहेरचं पॅड जवळजवळ निम्मं शिल्लक. आतलं पार संपलेलं, नुसती लोखंडी प्लेट, तीही चमकत होती. डिस्कच्या आतल्या बाजूला नखाला लागतील असे खोल गोल चर. खालच्या पिनेचं रबर फाटलेलं, आत वाळलेली काळी माती आणि गंज. पिन पक्कडीने फिरवून फिरवून काढावी लागली. डावीकडचे दोन्ही पॅड सारखे आणि चांगले जाड आहेत. पिस्टन मात्र हळूहळू दाबला तर आत जातोय, त्याचं रबरही शाबूत आहे. गळती कुठेच नाही.

म्हणजे कॅलिपर बदलायची गरज दिसत नाही. आता डिस्कचं काय करावं? मिस्त्री म्हणतात लेथवर टर्निंग मारून आणू. आणि पॅड एकाच बाजूचे बदलले तर चालतील का?

गोदाकाठ
टर्निंग मारा. डिस्कचा खर्च वाचेल. मी मारलंय, व्यवस्थित चाललं.

वाळूजवाला
मारता येतं, पण आधी मोजा. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते. टर्निंगनंतर त्याच्या वर राहिली तरच ती डिस्क लावायची. पातळ डिस्क लवकर तापते, उष्णता साठवू शकत नाही, आणि घाटात नेमकी तीच गोष्ट लागते.

मोजताना एक चूक सगळीकडे होते म्हणून सविस्तर लिहितो. झिजलेल्या डिस्कच्या बाहेरच्या कडेला न झिजलेली धार उभी राहिलेली असते. साधा व्हर्निअर लावला की त्याचे जबडे त्या धारेवर बसतात आणि जाडी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. शक्यतो मायक्रोमीटर वापरा, तोही चराच्या तळाशी, तीन-चार ठिकाणी. तो नसेल तर दोन्ही बाजूंना एकसारखी दोन नाणी धरून त्यावर व्हर्निअर लावा आणि नाण्यांची जाडी वजा करा. नाणी मात्र चरांवर पूल बांधल्यासारखी बसतात, तेव्हा चराची खोली वेगळी धरा.

पॅड दोन्ही चाकांचे एकदमच. डिस्क बदलली तर ती पण जोडीने. एका बाजूला नवीन आणि दुसरीकडे जुनं असलं की पकड कमीजास्त होते, ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लागला तर गाडी आडवी जायचा धोका.

केजकर
मोजलं. डिस्कवर किमान २० मिमी कोरलंय. नवीन २२ ची येते म्हणाले. बीडला लेथवाल्याकडे मायक्रोमीटर मिळाला, चराच्या तळाशी २०.३ आली. टर्निंग मारली तर दोन्ही बाजूंनी साफ व्हायला २० च्या खाली जाणार, हे लेथवाल्यानेच सांगितलं आणि काम घ्यायला नकार दिला. त्यामुळे डिस्क जोडी नवीन, पॅडचा सेट नवीन, पिनांचा रबरांसकट किट. कॅलिपर तेच ठेवतोय. बसवताना काय जपायचं?

पाना_पक्कड_परभणी
लेथवाला इमानदार भेटला. त्याचं दुकान सोडू नका.

बसवताना: कॅलिपर काढलं की ते ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेनं स्प्रिंगला बांधा. नळी आतून फाटली तर बाहेरून दिसत नाही. हबवरचा, म्हणजे डिस्क बसते त्या जागेवरचा गंज तारेच्या ब्रशनं पार साफ करा. तिथं गंजाचा पापुद्रा राहिला की नवीन डिस्क वाकडी फिरते आन् ब्रेकला पाय थरथरतो, मग लोक म्हणतात डिस्कच खराब आली. नवीन डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरनं दोन्हीकडून पुसा. डिझेल, रॉकेल काही लावायचं नाही. पॅडच्या तोंडाला ग्रीसचा हात लागू देऊ नका, ते तेल पितं.

पिनांना ब्रेकचंच ग्रीस लावायचं, सिलिकॉनचं, जास्त उष्णता झेलणारं. बेअरिंगचं पिवळं ग्रीस बरेच जण लावतात. त्यानं रबर फुगतं आन् पिन पुन्हा जाम. पातळच लावा, लई भरलं तर आत हवा कोंडून पिन बाहेर ढकलली जाते. दोन पिना वेगळ्या असतील तर वरची वर, खालची खाली.

पिस्टन मागं दाबताना बोनेट उघडं ठेवा. डबीतलं ऑईल वर चढतं आन् सांडतं. रंगावर पडलं तर रंग उचलतो, लगेच पाण्यानं धुवा. मधे कोणी वरून ऑईल भरलेलं असलं तर हमखास सांडतंय.

नट एकाआड एक आवळा. आन् हे विसरू नका: काम झालं की गाडी चालू करून जागेवरच पेडल हळूहळू पंप करा, टणक लागेपर्यंत. पिस्टन मागं गेलेला असतो, पहिल्या दाबाला पेडल थेट खाली जातं. अंगणातून गाडी काढताना भिंतीवर गेलेली गाडी मी बगितलीय.

वाळूजवाला
मिस्त्रींनी सगळं सांगितलंय. दोन गोष्टी जोडतो. ब्रेक ऑईल शेवटचं कधी बदललं? ते हवेतली वाफ शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरत जातो. डॉट ४ प्रकाराचं ताजं ऑईल कमीत कमी २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक आहे. तेच पाणी शोषलेल्या अवस्थेत १५५. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४०. घाटात ऑईल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ होऊन खाली बसतं. दर दोन वर्षांनी बदला, डबीच्या झाकणावर जो प्रकार लिहिलाय तोच वापरा.

दुसरं, नवीन पॅड-डिस्क एकमेकांना बसवून घ्यावे लागतात. रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवा, पूर्ण थांबू नका, पुन्हा वेग घ्या, थोडं अंतर तसंच चालवून थंड होऊ द्या. असं आठ-दहा वेळा. पॅडच्या खोक्यावर वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळा. थोडा वास येईल. गरम असताना ब्रेक दाबून धरून उभे राहू नका, पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. नंतरचे दोन-तीनशे किलोमीटर गरज नसताना जोरात ब्रेक टाळा.

मांजरातीर
समृद्धीवरून जाणाऱ्यांसाठी लिहितो, कारण जालन्यावरून आमचे बरेच लोक हल्ली तिकडूनच जातात. तिथे तासन्‌तास ब्रेकला पाय लागत नाही. पॅड संपलेत हे कळतच नाही, आणि कळतं ते बाहेर पडायच्या वळणावर. ताशी १२० ला गाडी थांबवायला ताशी ६० च्या चौपट ऊर्जा ब्रेकला गिळावी लागते. निघण्याआधी पॅड बघून घ्या एवढंच माझं सांगणं.

केजकर
काम झालं. पिना बोटाने सरकतायत. ऑईल पण बदलून हवा काढून घेतली, जुनं चहाच्या रंगाचं निघालं. सकाळी बायपासवर सांगितल्याप्रमाणे वेग उतरवत पॅड बसवून घेतले. आवाज पूर्ण बंद, गाडी सरळ थांबते, दोन्ही चाकं सारखीच कोमट. मांजरसुंब्याला जाऊन घाट पण उतरवून बघितला, तिसऱ्या गिअरवर, ब्रेक लागेल तेवढाच दाबत.

डाव्या कॅलिपरच्या पिनाही मिस्त्रींनी काढून दाखवल्या. रबर शाबूत होतं, पण ग्रीस सुकलेलं. त्याही साफ करून ग्रीस लावून घेतल्या. सगळ्यांचे मनापासून आभार. परभणीचे मिस्त्री आणि वाळूजवाले दादा, तुमच्यामुळे कॅलिपरचा खर्च टळला आणि रोगाचं मूळ सापडलं.

कयाधू
खूप शिकायला मिळालं. एक शेवटचं. खडीच्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की पेडल पायाखाली धडधडतं आणि खरखर होते. डांबरीवर नाही होत. गाडीला एबीएस आहे.

वाळूजवाला
एबीएसचंच काम आहे ते. सुट्या खडीवर चाक लगेच अडकू लागतं, म्हणून ते दाब सोडतं-धरतं. घाबरून पाय उचलू नका, दाबूनच धरा आणि स्टिअरिंगने वाट काढा. सुट्या खडीवर गाडी थांबायला अंतर जास्त लागतं, तेवढं समोरच्यापासून लांब राहा.

गोदाकाठ
मिस्त्री, माझा आवाज मागून येतो. मागे ड्रम आहेत. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी घातली तेव्हापासून घरघर आहे, आणि हँडब्रेक पण जास्त वर येतो.

पाना_पक्कड_परभणी
ड्रममधे गाळ गेलाय, एकदा गेला की आपोआप निघत नाही. ड्रम उतरवा. लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारा थर, रिबिटापर्यंत झिजलं असलं तर ड्रमला चर पडले असतील, ते बगा. हँडब्रेकची केबल आवळून काम भागवू नका. लायनर झिजलं म्हणून तो वर येतो. मागची आपोआप सेट होणारी खाच गंजून अडकली असली तरी येतो. आन् व्हील सिलिंडरचं (ऑईलच्या दाबानं लायनर ड्रमवर ढकलणाऱ्या भागाचं) रबर बोटानं हलकं उचलून आत बगा. आतून ओलं लागलं तर सिलिंडर गळायलाय. त्या चाकावरचं तेल पिलेलं लायनर पेट्रोलनं धुऊन परत लावू नका, दोन्ही चाकांचे लायनर नवीनच टाका.